नवीन सोसायटीतले रहिवासी एकत्र कसे येतील? पाणी, रस्ता, बिल्डर, सगळंच अडलंय (नाशिक)

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला टोचलं: "ग्रुपवर सगळे बोलतात, मीटिंगला चार जण येतात." पाथर्डी फाट्याजवळ 64 फ्लॅटची इमारत, 40 घरं राहायला आलेली, पाणी टँकरचं, गेटसमोर कच्चा रस्ता आणि बिल्डर सोसायटी करून देत नाही. माझं स्पष्ट मत असं की आवाहनं करून लोक येत नाहीत. आपल्या खिशातून किती जातंय हे आकड्यात दिसलं की येतात. म्हणून सभेची नोटीस नंतर लावा, आधी पाणी मोजा.

40 घरं, घरटी 4 माणसं, माणशी रोज 135 लिटर, म्हणजे 21,600 लिटर. जिने धुणं, झाडं, वॉचमनची खोली धरून 24,000 धरा. टँकरच्या बिलातलं पाणी याच्या बरंच वर जात असेल तर एकतर पाणी कमी येतंय आणि पैसे जास्त जातायत, नाहीतर ते कुठेतरी मुरतंय.

खालच्या टाकीची आतली लांबी-रुंदी मोजा. समजा 4 मीटर बाय 3 मीटर भरली. तळ 12 चौरस मीटरचा, म्हणजे पातळी 10 सेंटिमीटर वाढली की 1,200 लिटर आलं. 10,000 लिटरच्या टँकरने पातळी 83 सेंटिमीटर चढायला हवी. एका पीव्हीसी पाइपवर दर 5 सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि टँकर लागायच्या आधी एकदा, नंतर एकदा बुडवून बघा. मोजताना मनपाच्या लाइनचा कॉक बंद, बोअर बंद आणि पाणी वर चढवणारा पंप बंद. यातलं एक जरी चालू राहिलं तरी माप फुकट, आणि टँकरवाला नेमका तोच मुद्दा धरून वाद घालतो. पातळी 65 सेंटिमीटरच चढली तर 7,800 लिटर आलं, तेवढ्याचेच पैसे द्यायचे.

आमच्या इमारतीत याच पाइपवरून मोठा वाद झाला. टँकर अर्धवट येतात हे खुणांवरून दिसल्यावरही काही जणांचं म्हणणं होतं की एवढं बारीक बघू नये, माणसं दुखावतात, त्यापेक्षा महिन्याला वर्गणी वाढवा. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. वर्गणी वाढवली की न देणारे वाढतात. मापाची वही वॉचमनच्या टेबलावर उघडी ठेवली की लोक येता-जाता बघतात, आपणहून विचारायला लागतात, आणि सभेला तीच माणसं येतात.

आता गळती. रात्री 1 ते 4 पंप बंद ठेवून गच्चीवरच्या टाकीची पातळी बघा. टाकीचा तळ 6 चौरस मीटर असेल आणि तीन तासांत पातळी 5 सेंटिमीटर उतरली तर 300 लिटर गेलं. दिवसाला 2,400. त्या वेळेत कुणी आंघोळ करत नाही, म्हणजे हे बहुतेक फ्लशच्या टाक्यांतून जातंय. खाली उतरणाऱ्या लाइनचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद केले की कुठली लाइन ते कळतं. मग त्या लाइनवरच्या घरांत फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका. 20 मिनिटांत न फ्लश करता रंग भांड्यात उतरला तर वॉशर बदलायचा. दुसरी जागा म्हणजे खालच्या टाकीचा ओव्हरफ्लो. नव्या इमारतींत तो पाइप बरेचदा थेट चेंबरमध्ये सोडलेला असतो, त्यामुळे फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा) अडकला तर रात्रभर वाहिलेलं पाणी कुणाला दिसत नाही. तो पाइप उघड्यावर, पार्किंगमध्ये दिसेल असा काढून घ्या.

पाण्याचा मीटर बसवाच, मनपाच्या लाइनला वेगळा आणि बोअरला वेगळा. बोअरच्या मीटरआधी गाळणी हवी, नाहीतर रेती जाऊन तो अडकतो. मनपाचं पाणी ठरावीक वेळ येतं, त्यामुळे पाणी यायच्या आधी लाइनमधली हवाच मीटर फिरवते. मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह टाका. मीटर अशा जागी बसवा की पाइप पूर्ण भरलेला राहील. आणि बोअरच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, पाणी फटींत असतं. शेजारच्या प्लॉटवर नवी बोअर झाली की तुमची आटू शकते.

कागदाचं काम यासोबतच सुरू करा. रेरानुसार (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) निम्म्याहून जास्त, म्हणजे 51 टक्के फ्लॅटची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत बिल्डरने संस्था स्थापन करायला हवी. तुमच्याकडे 64 चे 51 टक्के म्हणजे 33 सह्या लागतात, आणि राहायला आलेली घरंच 40 आहेत. सभा घ्या, मुख्य प्रवर्तक (नोंदणीचं काम पुढे नेणारा) निवडा, इतिवृत्तावर सह्या घ्या, उपनिबंधक सहकारी संस्था यांच्याकडे नावाच्या आरक्षणाचा अर्ज करा. बिल्डर कागद देत नसेल तर उपनिबंधकांकडेच अर्ज करता येतो. मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला मनपाच्या नगररचना विभागाकडून माहिती अधिकारात काढा: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत 30 दिवस.

ताबा घेताना कुणी बघत नाही ती गोष्ट म्हणजे सामायिक वीजमीटर. लिफ्ट आणि पंप कधी कधी बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवरच चालू असतात, आणि तो दर घरगुती दरापेक्षा चढा असतो. महावितरणचं बिल मागून घ्या, त्यावर दराचा प्रकार छापलेला असतो. लिफ्टचा परवाना कुणाच्या नावावर आहे तेही तेव्हाच विचारा. अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो.

रस्त्याचं उत्तर एका कागदात आहे. तो विकास आराखड्यातला रस्ता आहे की लेआउटमधला अंतर्गत, हे नकाशावर बघा आणि त्याखालच्या जमिनीचा 7/12 काढा. जागा मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर मनपा तिथे डांबर टाकायला हात वर करते, मग कितीही निवेदनं द्या. मनपाच्या नावावर असेल तर तुमच्या विभागीय कार्यालयात आणि राजीव गांधी भवनात बांधकाम विभागाकडे लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. दिव्यांसाठी विद्युत विभाग, अर्ज वेगळा. घंटागाडी गेटपर्यंत येत नसेल तर विभागीय स्वच्छता निरीक्षकाला भेटा आणि ओला-सुका वेगळा करूनच द्या. मिसळलेला कचरा नाकारला की भांडण गाडीवाल्याशी होतं आणि चूक आपली असते.

राहिला मेंटेनन्स. आमच्याकडे यावरून अजून दोन गट आहेत, म्हणून ठामपणे सांगतो: सहकारी सोसायटीत सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला समान. वॉचमन तीन बेडरूमच्या घराची जास्त राखण करत नाही. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर घ्या, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची रक्कम) बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर. "मोठ्या फ्लॅटवाल्यांनी सगळंच चौरस फुटाने भरावं" हा हट्ट आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, कुठेच बसत नाही.

पण एक गोष्ट आधी तपासा. नाशिकमध्ये बरेच प्रकल्प सोसायटी नसून 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं अपार्टमेंट असतात. करारनाम्यात डीड ऑफ डिक्लेरेशनचा (इमारत या कायद्याखाली आणणारा दस्त) उल्लेख असेल तर तुम्ही त्यात आहात. मग उपनिबंधकांकडे सोसायटी नोंदवायची ती वाट लागू होत नाही, आणि सामायिक खर्चही सामायिक जागेतल्या प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनेच वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. तिथे माझं समान शुल्काचं म्हणणं चालणार नाही. पाणी मोजण्याचं मात्र दोन्हीकडे तसंच करा, आणि या रविवारी टाकीचं झाकण उघडून आधी माप घ्या.