तीन मुलं, तीन वयं: घरी शिकवताना सगळ्यांना एकाच इयत्तेचा अभ्यासक्रम चालतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरीच शिकणारी तीन मुलं, वयं १०, ८ आणि ५. तिघांचे तीन अभ्यासक्रम घेता घेता दिवस पुरत नाही. मग तिघांना एकाच इयत्तेत बसवलं तर चालेल का, आणि चालणार असेल तर इयत्ता कुणाची धरायची?

चालतं, पण सगळ्या विषयांना नाही. नको त्या विषयात मी ते करून बसलो आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्याकडेही तीनच. सुरुवात केली तेव्हा थोरली ९ वर्षांची, मधला ६, धाकटी ४. आता थोरली तेराची झाली. दुसऱ्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की गणिताला दोघांसाठी दोनदा कशाला बसायचं? थोरलीचे अपूर्णांक कच्चे, मधल्याला आकड्यांचं वेड. तिला एक पायरी खाली घेऊ, त्याला एक पायरी वर, म्हणजे दोघं एका पुस्तकात बसतील. कागदावर हिशेब चोख होता आणि महिनाभर बरंही चाललं.

मग एके सकाळी मी विचारलं, अर्ध्यात पाव मिळवला तर किती? थोरलीने वहीत रेघा ओढल्या, रेघांखाली २ आणि ४ लिहिले, छेद सारखे करायच्या तयारीत होती. मधला खुर्चीवर पाय हलवत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पाऊण." त्याला छेद-बिद काही माहीत नव्हतं. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द कानावरून गेलेले, तेवढ्यावर उत्तर आलं. तिने खोडरबर घेतला आणि लिहिलेलं सगळं सावकाश पुसून टाकलं. बरोबर लिहिलेलंसुद्धा. त्या दिवसापासून ती गणित मांडायच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. दोनेक महिन्यांनी तिच्या आईला म्हणाली, "मला गणित येत नाही, त्याला येतं." हे निस्तरायला वर्ष गेलं. वेगळं पुस्तक, वेगळी वेळ, आणि तेवढा वेळ भाऊ दुसऱ्या खोलीत.

बरं, मधल्याचं तरी भलं झालं का? तेही नाही. उत्तरं पटापट सुचत होती म्हणून पायऱ्या लिहायची सवयच त्याला लागली नाही. पाव-पाऊण-सव्वा संपून दोन सप्तमांश अधिक तीन पंचमांश आलं, तेव्हा गडी जो अडला तो पंधरा दिवस हलला नाही. आणि मी मात्र तोवर भेटेल त्याला सांगत होतो, "आमचा मुलगा दोन इयत्ता पुढे आहे." मुलं एकत्र बसवताना सगळ्यात जपून राहायचं असेल तर या वाक्यापासून. धाकटं मूल थोरल्याच्या पुस्तकात बसलं म्हणजे पुढे गेलं असं नसतं. बऱ्याचदा ते फक्त तिथे बसलेलं असतं.

तेव्हापासून मी विषयांची वाटणी अशी करतो: काही विषय जिन्यासारखे, काही अंगणासारखे. गणित हा जिना. पाढे नाहीत तर भागाकार नाही, भागाकार नाही तर अपूर्णांक नाहीत, मधली पायरी गाळली की पुढे कुठेतरी पाय घसरतोच. वाचायला शिकणं हाही जिनाच. एक मूल अजून जोडाक्षरांपाशी ठेचकाळतंय आणि दुसरं गोष्टींच्या पुस्तकांचा फडशा पाडतंय, त्यांना एक पाठ घेणं दोघांवरही अन्याय. शुद्धलेखन, नवी भाषा, वाद्य वाजवणं, सगळं याच जातीचं. हे ज्याचं त्याला वेगळं द्या, पण थोडा वेळ. पाच वर्षांच्या मुलीला गणिताची पंधरा मिनिटं खूप झाली.

इतिहास, भूगोल, विज्ञान, गोष्टी, चित्रं हे अंगण. कुठल्याही बाजूने शिरा. ज्वालामुखी आधी की नद्या आधी, काही अडत नाही. इथे तिघांना खुशाल एका सतरंजीवर बसवा.

"पण त्यांच्या त्यांच्या इयत्तेचं काय?" ही धास्ती मलाही होती. एका वयाची मुलं एका वर्गात, हा आपल्याला सृष्टीचा नियमच वाटतो, पण ती पद्धत तशी अलीकडची आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या क्विन्सी शाळेने १८४८ च्या सुमारास इयत्तेगणिक वेगळ्या खोल्या केल्या आणि ती रचना तिथे पसरत गेली. त्याआधी एका खोलीत लहानमोठी सगळी पोरं हेच नेहमीचं होतं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, आणि त्यांच्या पद्धतीत आजही ३ ते ६, ६ ते ९, ९ ते १२ असे तीन-तीन वर्षांचे गट असतात. तिथेही बघा, खोली एक असली तरी गणिताचं साहित्य ज्याचं त्याचं. शेजारी बसलेल्या दोन मुलांपैकी एक मणी मोजत असतं आणि दुसरं भागाकार करत असतं.

अंगणातला धडा कसा दिसतो त्याचं एक उदाहरण देतो, नुसत्या तत्त्वाने कुणाचं पोट भरत नाही. आम्ही एकदा महिनाभर चंद्र बघितला. मोठ्या कागदावर तीस चौकोन आखले, पौर्णिमेला सुरुवात केली. धाकटीचं काम रोज दिसेल तसा आकार काढायचा. चौथ्या-पाचव्या चौकोनात तिने आकाश निळं रंगवलं. मी म्हटलं, अगं रात्र काळी असते. तर म्हणे, "मी सकाळी बघितला." पौर्णिमेनंतर चंद्र सकाळी पश्चिमेला असतो, हे मला माहीत होतं पण तिला सांगायचं माझ्या यादीत नव्हतं. मधल्याकडे घड्याळ. पौर्णिमेनंतरचे चार-पाच दिवस, झोपायची वेळ होईपर्यंत, चंद्र कधी उगवतो ते तो लिहायचा. रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशीर होतो, पण अगदी पन्नास नाही, कधी कमी कधी जास्त. तो वैतागला, "हा वेळ पाळत नाही." त्याच्या वजाबाक्या मात्र फुकटात झाल्या. तासामिनिटांची हातचे घेऊन करायची वजाबाकी मी वेगळी शिकवलीच नाही.

थोरलीला मी काही काम दिलं नव्हतं. तिला पुस्तकात सापडलं की चंद्र पृथ्वीभोवती २७.३ दिवसांत फिरतो, आणि आमच्या कागदावर पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस होत होते. "पुस्तक चुकलं की आपण?" मग सूर्य म्हणून टेबलावर दिवा ठेवला, थोरली झाली पृथ्वी, मधल्याच्या हातात चंद्र म्हणून चेंडू, आणि तो तिच्याभोवती फिरतोय. ती जागेवर उभी असेपर्यंत हिशेब जमेना. ती दिव्याभोवती चार पावलं सरकली, तेव्हा मधल्याला चेंडू घेऊन थोडं जास्त चालावं लागलं. त्या थोड्या जास्त चालण्यातच दोन दिवसांचा फरक होता. धाकटी त्या वेळी टेबलाखाली बसून दिव्याची सावली हातावर घेत होती, तिला २७ आणि २९ शी काही देणंघेणं नव्हतं. धडा एकच, पण प्रत्येकाने आपल्या ओंजळीत मावेल तेवढं घेतलं. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना हीच: तोच विषय पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी थोडा खोल. धाकटीकडे चंद्र परत येणारच आहे.

आता इयत्ता कुणाची धरायची ते. तुमच्या मुलांची वयं बघता, अंगणातल्या विषयांसाठी मी मधल्याच्या थोडं वरचं, म्हणजे साधारण ९ वर्षांच्या मुलाच्या पातळीचं पुस्तक घेईन. वरच्या पातळीचा मजकूर मोठ्याने वाचताना दोन वाक्यं गाळणं, एक शब्द सोपा करून सांगणं जागच्या जागी जमतं. खालच्या पातळीच्या पुस्तकात भर घालायची तर आदल्या रात्री तुम्हाला शोधत बसावं लागतं, आणि ते चार दिवस होतं, पाचव्या दिवशी होत नाही. शिवाय मुलांचं ऐकून समजणं वाचून समजण्याच्या बरंच पुढे असतं. स्वतः चार ओळी अडखळत वाचणारं मूल अर्धा तास लांबलचक गोष्ट ऐकू शकतं. म्हणून एकत्र अभ्यासात वाचणारे तुम्ही असा, मुलं नकोत.

पाच वर्षांची तुमची मुलगी त्या गटात बिनतिकीट प्रवासी. ती बसेल, चिकणमाती मळेल, मध्येच उठून जाईल. तिला प्रश्न विचारू नका, तिच्याकडून काही लिहून घेऊ नका. आमची धाकटी चौथ्या वर्षी प्राचीन इजिप्तच्या धड्याला लुडबुडत होती. इतिहासाचे आम्ही चार भाग केलेत, प्राचीन, मध्ययुगीन, त्यापुढचा आणि आधुनिक, वर्षाला एक. यंदा फेरी संपून पुन्हा प्राचीन आला आहे, ती आता आठची आहे, आणि तिला ममी आठवतात, कालवे आठवत नाहीत. कालवे या वेळी होतील.

एकत्र वाचून झालं की प्रत्येकाला ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायला लावा. एकदाच वाचायचं आणि मग मुलाने सांगायचं, ही शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षिकेच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी १८९१ मध्ये टपालाने चालणारी शाळा काढली होती, आणि तिच्यात मुलांना काही वर्षांच्या टप्प्यांच्या गटांत घेत. फक्त क्रम सांभाळा: सगळ्यात लहान आधी, मोठा शेवटी. उलटं केलं तर मोठा सगळं सांगून मोकळा होतो आणि धाकट्याला "मलापण तेच म्हणायचं होतं" एवढंच उरतं. लहान आधी बोललं की मोठ्याला सुटलेलं शोधावं लागतं, आणि ते त्याला अवघडही जातं.

लिहिण्याचंही तसंच. प्रश्न एक, मागणी वेगळी. लहान सांगेल ते तुम्ही लिहा, मधल्याने स्वतः तीन वाक्यं लिहावीत, मोठ्याने कारणासकट परिच्छेद. तिघांना अर्धं-अर्धं पान सक्तीचं केलंत तर एक रडेल, एक कंटाळेल.

वेळेचा हिशेब सांगतो. सात विषय आणि तीन मुलं म्हणजे एकवीस पाठ. इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला एकत्र केले तर ते चार, आणि उरलेल्या तीन विषयांचे नऊ, एकूण तेरा. इतिहास आणि भूगोल आम्ही आठवड्याआड घेतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. दिवस मोकळा होत नाही, पण दुपारी श्वास घेता येतो.

एक मात्र आत्ताच डोक्यात ठेवा. तुमचा थोरला दोन-तीन वर्षांत या गटातून बाहेर पडणार. बारा-तेराव्या वर्षी बीजगणित सुरू होतं, विज्ञानाला मोजमाप आणि सूत्रं लागतात, इतिहासाला मूळ कागदपत्रं वाचावीशी वाटतात. खूण ओळखायची ती अशी: तो गटात उत्तरं द्यायची थांबवतो, किंवा सगळी उत्तरं तोच देतो. दोन्हीचा अर्थ एकच. तेव्हा त्याला घरातला बिनपगारी मास्तर करून ठेवायचा मोह होतो, आम्हालाही झाला. धाकट्यांना एखादी गोष्ट समजावून सांगण्यात त्याचंही पक्कं होतं हे खरं, पण आठवड्यातून एकदा. रोज ते करायला लागला तर त्याचा स्वतःचा अभ्यास कोण घेणार? वयांतलं अंतरही बघायचं: ते दोन-तीन वर्षांचं असेल तर हे सगळं छान बसतं, पाच-सहा वर्षांचं अंतर असेल तर गोष्टींचं वाचन आणि चित्रकला सोडून बाकी ओढूनताणून होतं.

पुस्तकं विकत घेण्याआधी एकच विषय घ्या, विज्ञान सोपं पडेल, आणि सहा आठवडे करून बघा. गणिताची तीन पुस्तकं मात्र आजच वेगळी करा. आणि तुम्ही राहता तिथे प्रत्येक मुलाची इयत्तेप्रमाणे नोंद दाखवावी लागत असेल, तर एकत्र धड्याची तारीख आणि विषय एका वहीत लिहा, खाली प्रत्येकाने काय केलं ते तीन वेगळ्या शाईंनी. आमच्या त्या चंद्राच्या दिवसाखाली धाकटीच्या हिरव्या शाईत एवढंच आहे: "सकाळी बघितला."