सेन्सर गप्प आहे म्हणजे मागे काही नाही असं नसतं

प्रश्न: दादा नमस्कार, नवीन गाडी घेतलीय, मागे सेन्सर आणि कॅमेरा दोन्ही आहेत. चवथीला माहेरी पेडण्याला गेले होते, अंगणात रिव्हर्स घेताना पडलेल्या एका चिऱ्याला बंपर घासला. लांब असताना एकदा बीप झाला आणि नेमका जवळ गेल्यावर बंद. आणि पाऊस असला की मागे काही नसतानाही वाजत राहतो. सेन्सर खराब आहे का? कॅमेऱ्यातल्या रेषांवर किती विसंबायचं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, तुम्ही सांगताय त्यावरून सेन्सर खराब वाटत नाही. बंपरवर नाण्याएवढ्या गोल टिकल्या असतात ना, त्या आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे भिंत १ मीटरवर असेल तर ६ मिलिसेकंदांत जाऊन परत येतो. पण हा आवाज बंपरच्या उंचीवरून सुटतो आणि आडवा पडलेला चिरा वीतभरही उंच नसतो, त्यामुळे लांबून तो सापडतो आणि गाडी जवळ गेली की आवाजाच्या खाली जातो. म्हणून बीप सुरू होऊन मध्येच थांबला तर वाट मोकळी झाली असं समजू नका, तिथेच ब्रेक मारा आणि उतरून बघा.

बारीक सळी, तारेचं कुंपण यांचंही तसंच, आवाज परत यायला अंगच नसतं. आणि आपल्याकडची रस्त्याकडेची उघडी गटारं तर मला सगळ्यात धोकादायक वाटतात, पावसात वर गवत माजलेलं असतं आणि खड्ड्यावरून काही परत येत नाही, मग सेन्सर बोलणार कसा.

रेषांचं म्हणाल तर त्या मागची जमीन सपाट आहे असं धरून आखलेल्या असतात. मागे चढ असेल तर वस्तू असते त्यापेक्षा लांब दिसते. मी स्वतः आल्तिनोच्या चढावर रिव्हर्स घेताना अजून पिवळ्याच रेषेत आहे, म्हणजे अंतर आहे असं समजून मागे येत राहिलो आणि गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून टेललाइट फुटली. टेंपोतून बाहेर आलेले बांबू, सळ्या यांच्या बाबतीतही फसायला होतं, कारण रेष जमिनीवरचं अंतर दाखवते आणि बांबू असतो वर हवेत.

१ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नवीन गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, ते चांगलंच झालं, माझा त्यांना अजिबात विरोध नाही. पण चवथीला घर भरलेलं असतं, पोरं अंगणात धावत असतात, अशा वेळी कुणाला तरी मागे उभं करा, पोरांना पडवीत घ्या आणि मगच रिव्हर्स टाका. पोर मागे असलं तरी बीप होईलच याची खात्री मी तरी देणार नाही.

पावसात वाजतो ते टिकलीवर थेंब किंवा तांबडा चिखल बसल्यामुळे असू शकतं. मऊ ओल्या फडक्याने पुसा, प्रेशरचं पाणी अगदी जवळून मारू नका, त्यावर स्टिकर नको. पुसून कोरडं केल्यावरही वाजत राहिला तर मात्र सर्व्हिस सेंटरला दाखवा, गाडी वॉरंटीत असेलच.