निर्देशांक उतरला, पण कशाने?

प्रश्न : मी डेंटल हायजिनिस्ट पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सामुदायिक दंतआरोग्याचा प्रकल्प म्हणून एका निवासी आश्रमशाळेतील पाचवी ते सातवीच्या १२० मुलांचे दात तपासले, दात घासण्याचे प्रात्यक्षिक दाखवले आणि प्रत्येकाला ब्रश व पेस्ट दिली. तीन महिन्यांनी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, ८४ मुले पुन्हा तपासली. दातांवरील मऊ थराचा सरासरी निर्देशांक १.९ वरून १.१ वर आला होता. तरीही आमच्या मॅडमनी अहवालावर ‘हे मूल्यमापन नव्हे’ असा शेरा मारला. माझे नेमके कुठे चुकले?
— एक विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा

उत्तर : शेरा कडक आहे, पण अन्यायाचा नाही. मात्र मॅडमनी एका गोष्टीबद्दल तुमची पाठ थोपटायला हवी होती. तुम्ही कीड न मोजता थर मोजलात, ही निवड अचूक आहे. किडलेल्या, काढलेल्या आणि भरलेल्या दातांची बेरीज करणारा निर्देशांक एकदा वर गेला की खाली येत नाही. पडलेला खड्डा भरला तरी तो दात मोजणीत राहतोच. त्यामुळे तीन महिन्यांच्या प्रकल्पात कीड मोजणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. थर आणि हिरड्या मात्र लवकर बोलतात. १९६५ मध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे पूर्णपणे थांबवायला लावले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. पुढच्या खेपेला थरासोबत हिरड्यांची नोंदही अवश्य ठेवा. त्याचे कारण पुढे येईलच.

आता त्या ३६ मुलांकडे वळू. १२० मुलांची पहिली सरासरी आणि ८४ मुलांची दुसरी सरासरी शेजारी-शेजारी मांडणे हा हिशेबच मुळात जुळत नाही, कारण हे दोन गट एक नव्हेत. दिवाळीनंतर आश्रमशाळेत कोण परतत नाही, हे तिथल्या शिक्षकांना विचारा. आईवडील वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेले म्हणून त्यांच्याबरोबर गेलेली मुले त्यांत असण्याचा संभव मोठा आहे, आणि त्यांचे दात पहिल्या तपासणीतच अधिक अस्वच्छ असतील, तर ती वगळली गेल्यानेच सरासरी काही अंशी आपोआप उतरली असेल. म्हणून ८४ मुलांपैकी प्रत्येकाचा आधीचा आणि नंतरचा आकडा जोडीने लावा, आणि न आलेल्या ३६ जणांचा पहिला आकडा वेगळा काढून अहवालात द्या. हे काम आजही करता येईल, कारण तक्ते तुमच्याजवळ आहेत.

दुसरी अडचण मोजणाऱ्या हाताची आहे. मऊ थर मोजण्याच्या ग्रीन आणि व्हर्मिलियन यांच्या पद्धतीत ठरावीक सहा दातांच्या ठरावीक पृष्ठभागांवरून एक्स्प्लोरर (दात तपासण्याचे टोकदार उपकरण) फिरवतात. थर एक तृतीयांशापर्यंत असेल तर १, दोन तृतीयांशांपर्यंत असेल तर २ आणि त्याहून अधिक असेल तर ३ गुण देतात. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात शाळेच्या ओट्यावर, ढगाळ दुपारी, पन्नासाव्या मुलाच्या दाढेवर १ द्यावा की २, हे ठरवताना मन हळूच आपल्या प्रकल्पाच्या बाजूने कौल देते. यात अप्रामाणिकपणा नाही, माणसाचा स्वभाव आहे. ज्याने शिकवले त्यानेच तपासू नये. वर्गमैत्रिणीला तपासायला बसवा आणि तपासणी पहिली की दुसरी हे शक्य तितके तिला कळू देऊ नका. त्याच दिवशी दहा-बारा मुले आधीचा तक्ता झाकून पुन्हा तपासून घ्या. एकाच मुलाचे दोन आकडे सतत वेगळे येत असतील, तर ०.८ ची घट कशाची, हे सांगता येणार नाही.

शिवाय शाळेने आदल्या दिवशी ‘उद्या दातांच्या मॅडम येणार आहेत’ अशी सूचना दिली होती का? दिली असेल, तर सकाळी नळावर रांग लागली असणार आणि तुम्ही तीन महिन्यांची सवय न मोजता त्या एका सकाळची घासणी मोजलीत. थर एका घासणीने निघतो, सुजलेली हिरडी मात्र एका सकाळीत बरी होत नाही. हिरड्यांची नोंद ठेवा असे म्हटले ते यासाठीच. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, पण मुलांना न सांगता जावे, आणि जमल्यास वसतिगृहातील ब्रशही पाहावेत. तीन महिने वापरलेल्या ब्रशचे केस फाकलेले असतात. पत्र्याच्या ट्रंकेत कोराच राहिलेला ब्रश कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा खरे सांगतो.

अवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तपासण्यासाठी व्यवस्था (साधने व माणसे), प्रक्रिया (काय केले) आणि फलित (त्याने काय बदलले) अशी फोड केली. तुमच्या अहवालाची पहिली नऊ पाने १२० ब्रश वाटल्याचे आणि प्रात्यक्षिकाचे वर्णन करतात असे गृहीत धरतो (विद्यार्थ्यांचे बहुतेक अहवाल तसेच असतात). तो सारा भाग प्रक्रियेचा आहे. तो लिहावा, पण फलित म्हणून मिरवू नये.

राहिली तुलना. त्याच काळात त्या शाळेत आणखी कोणी टूथपेस्टचे वाटप केले असेल किंवा नवे अधीक्षक शिस्तीचे निघाले असतील, तर श्रेय कोणाचे? यासाठी प्रकल्प न झालेली शेजारची आश्रमशाळा दोन्ही वेळा तपासावी लागते, आणि मोजणी संपताच तिलाही तेच शिक्षण द्यावे लागते. तुलनेचा गट कायम वंचित ठेवता येत नाही. अमेरिकेत १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात झाली, तेव्हा मस्केगॉन हे शहर तुलनेसाठी ठेवले होते; पण १९५१ मध्ये मस्केगॉननेही आपल्या पाण्यात फ्लोराइड घेतले आणि तुलना तिथेच संपली. अभ्यासकांची पंचाईत झाली, मुलांचे भलेच झाले.

प्रश्न : आमच्या गटाने गावातील महिलांसाठी मशेरी सोडण्याचा उपक्रम घेतला. शेवटच्या बैठकीत ‘कोणी सोडली?’ असे विचारताच जवळजवळ सर्वांनी हात वर केले. हे ग्राह्य धरावे का?
— एक विद्यार्थी, सातारा जिल्हा

उत्तर : धरू नये. सोडा म्हणून सांगणाऱ्यांसमोर, शेजारणींच्या देखत, हात खाली ठेवायला धारिष्ट लागते. घरोघर एकेकटीला विचारा, विचारणारी व्यक्ती तुमच्या गटाबाहेरची असू द्या, आणि ‘सोडली का?’ असे न विचारता ‘आज सकाळी दात कशाने घासले, काल दुपारी कशाने?’ असे विचारा. मशेरी अनेक घरांत तव्यावर तंबाखू भाजून केली जाते. शेवटची कधी भाजली, या प्रश्नाला दिवस आठवून उत्तर द्यावे लागते, आणि तिथे हो-नाहीने भागत नाही.