चेटकीण, तिचा शिकारी आणि आमची आटलेली म्हैस

प्रश्न : ताई, मी वसमतची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोनशे पानी वहीत कादंबरी लिहायलेय. सतराव्या शतकातला युरोप, अठरा वर्षांची चेटकीण आणि तिला धरायला आलेला बावीस वर्षांचा शिकारी. दोघांचं प्रेम जमतं. शेवटी तिला सेलमला जाळायला नेतात आणि तो सोडवतो. मैत्रिणी म्हणतात, एवढा कोवळा शिकारी असतो का कुठं? आई म्हणते, "कामून असलं अभद्र लिहायलीस? लिहायचंच तर आपल्याकडचं लिही." तीन प्रकरणं सोबत पाठवतेय. कुणाचं ऐकू?

उत्तर : पोरी, तीनही प्रकरणं दोनदा वाचली. तालुक्याच्या वाचनालयात माझी सगळी नोकरी गेली. असल्या कादंबऱ्या पोरी वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेतात, हे मला ठाऊक आहे. मीही वाचते, कव्हर न घालता. तेव्हा आईला सांग, अभद्र काही नाही.

शिकाऱ्याच्या वयाचं तुझं बरोबर आहे. इंग्लंडमधला मॅथ्यू हॉपकिन्स चेटकिणी धरायला लागला तेव्हा पंचविशीच्या आसपासचा होता. १६४५ च्या सुमाराला, मॅनिंगट्री गावी. पहिली कोण सापडली? एलिझाबेथ क्लार्क, एका पायाची म्हातारी. तिला रात्र रात्र झोपू दिलं नाही, मग ती बोलली. स्टोमार्केट गावानं या कामाचे हॉपकिन्सला २३ पौंड मोजले. तुझ्या शिकाऱ्याच्या कमरेला चांदीची तलवार आहे. त्याच्या खिशात हिशेबाची चिठ्ठी घाल, आणि एक सुई. अंगाला सुई टोचायची, जिथं दुखलं नाही किंवा रक्त आलं नाही ती सैतानाची खूण, असा तो धंदा होता. स्कॉटलंडमध्ये १६६२ साली असाच एक सुई टोचणारा पकडला, तर ती पुरुषाचे कपडे घातलेली बाई निघाली. क्रिश्चन कॅडेल तिचं नाव. यावर कुणीतरी लिहायला हवं. तू नको, तुझी वही आधीच भरत आलीय.

सेलम मात्र दुरुस्त कर. ते युरोपात नाही, अमेरिकेत आहे, मॅसॅच्युसेट्सला. आणि तिथं १६९२ साली एकालाही जाळलं नाही. १९ जणांना फाशी दिली आणि कबूल-नाकबूल काहीच बोलेना म्हणून एका म्हाताऱ्याला दगडांच्या ओझ्याखाली मारलं. जाळायचंच असेल तर गोष्ट जर्मनीत ने, बांबर्गला. तिथं मे १६२६ मध्ये कडाक्याची थंडी पडून द्राक्षाच्या बागा करपल्या, आणि हे कुणीतरी केलंय म्हणून माणसं शोधायला सुरुवात झाली. आपल्याकडं २०१४ ला गारपिटीनं गहू-हरभरा झोपवला तेव्हा लोक पंचनाम्यासाठी तलाठी शोधत होते. बांबर्गच्या लोकांना तलाठी नव्हता.

आता खरी अडचण. ती तुझ्या मैत्रिणींना दिसलेली नाही.

तुझी नायिका खरोखर चेटूक करते. दिवा न लावता वात पेटवते, कुलपं उघडते. छान लिहिलंयस. पण मग शिकाऱ्याचा संशय खराच ठरतो की! फासावर गेलेल्या बायांजवळ असलं काही नव्हतं. कुणी विधवा होती, कुणी भांडकुदळ, कुणी शेजारी उधार मागायला जाणारी. अद्भुत कादंबरीत चेटूक खरं केलं की त्या सगळ्याजणी नकळत दोषी ठरतात.

स्पेनमध्ये सालाझार नावाचा एक न्यायाधीश होता. आपल्याकडं मलिक अंबर खडकी वसवत होता त्याच १६१० साली लोग्रोन्योला चेटकिणींना जाळलं, त्या न्यायासनावर हा होता. पुढच्या वर्षी तो स्वतः गावोगाव फिरला. १,८०२ जणांचे जबाब घेतले, त्यात १,३८४ पोरंसोरं. चेटकिणींची म्हणून आणून दिलेली मलमं त्यानं जनावरांवर वापरून बघायला लावली. जनावरांना काही झालं नाही. चेटकाचा एकही पुरावा सापडला नाही, असं त्यानं वरिष्ठांना लिहून कळवलं. तुला हवा तो पालटलेला शिकारी हा असा असतो. डोळ्यांत बघून तलवार टाकणारा नव्हे, बाई.

त्या पोरांच्या आकड्यापाशी मी अडकले, त्याचं कारण सांगते. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. मी नऊ वर्षांची. आमची म्हैस आटली. चारा नव्हता, आटणारच होती. तरी शेजारच्या गावचा देवऋषी आणला. उडीद, लिंबू, बिबे, सगळा थाट. मी माळवदावरून वाकून बघत होते. त्यानं विचारलं, गोठ्याकडं बाहेरचं कोण आलं होतं? सगळे गप्प. मी वरून ओरडले, "काकी आली होती!" गल्लीतली विधवा काकी. ती आली होती हे खरंच होतं. ताक मागायला आली होती. तेवढं मात्र मी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

मग काकीला ताक बंद झालं. विहिरीवर तिची बादली मागं सारायला लागले. कुणाच्या लुगड्यावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या, की भानामती, आणि भानामती म्हटली की काकी. वर्षाच्या आत एका पहाटे गाठोडं घेऊन ती माहेरी गेली. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचनालयात आला तेव्हा मी त्याची अनुसूची वाचत बसले होते. अमकी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते, असं भासवणं हा गुन्हा आहे, असं तिथं छापलेलं आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. मी तो अंक मिटला आणि त्या दिवशी कुणाला पुस्तक दिलं नाही.

म्हणून सुचवते. तुझ्या शिकाऱ्यानं नायिकेला भेटण्याआधी एका म्हातारीला फासावर पाठवलेलं असू दे. खोटं बोलून नाही. एक खरी, अर्धी गोष्ट सांगून. आणि ज्या चेटकासाठी ती म्हातारी गेली, ते तुझ्या नायिकेनं केलेलं असू दे. ती झाडामागं उभी राहून बघत होती, पुढं आली नाही. आता या दोघांना एकमेकांच्या प्रेमात पाड. मग त्याला तलवार टाकायची गरज पडणार नाही, आणि तिलाही तुझ्या पान ४१ वरच्या निळ्या डोळ्यांची. (वसमतला निळे डोळे कुठं पाहिलेस गं?)

आईचं म्हणणं चूक नाही, पण आत्ता ऐकू नकोस. आपल्याकडं चर्चचं न्यायासन नव्हतं, नेमलेला शिकारी नव्हता. देवऋषी होता आणि अख्खी गल्ली होती. त्यात एकटा देखणा नायक बसत नाही. त्याला वेगळी वही लागेल.

तिसरं प्रकरण पुन्हा लिहून पाठव. म्हातारीला नाव दे, तुझ्या वहीत ती नुसती 'एक म्हातारी' आहे. आणि वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ. या वेळी पोस्टातून कोपरे भिजून आले होते, दुसऱ्या प्रकरणातलं पहिलं चुंबन मला अंदाजानंच वाचावं लागलं.