हॉस्टेलवर राहतो, मग गाडी लावायची कुठे?

या वेळी कॅम्पसवरच्या पार्किंगबद्दलच इतके प्रश्न आलेत की अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बरेचसे प्रश्न सारखे होते, त्यामुळे त्यातले चार घेतलेत.

प्रश्न : ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. वर्षाच्या सुरुवातीलाच पैसे भरून पार्किंगचा स्टिकर घेतला, तरी संध्याकाळी बाहेरून आलो की हॉस्टेलसमोर एक जागा रिकामी नसते. चकरा मारून मारून वैतागतो आणि कुठेतरी कडेला लावतो, सकाळी बघावं तर चाकाला जॅमर आणि वर दंडाची पावती. ऑफिसात गेलो तर म्हणे तुझ्याकडे स्टिकर आहे ना, मग लाव की. पैसे घेतलेत तर जागा द्यायला नको का?

उत्तर : तुझा राग रास्त आहे. पण आधी हे होतं कशामुळे ते बघ, कारण ते कळलं की ऑफिसात जाऊन नेमकं काय मागायचं हेही कळेल. स्टिकर म्हणजे तुझी जागा नव्हे, जागा शोधायची परवानगी. बहुतेक ठिकाणी जागांपेक्षा जास्त स्टिकर वाटले जातात आणि त्यामागे हिशोब असतो. घरून ये-जा करणारी मुलं एकाच वेळी येत नाहीत, सकाळच्या लेक्चरवाला दुपारी निघून जातो, त्याच्या जागेवर प्रॅक्टिकलवाला येतो, म्हणजे एक जागा दिवसभरात दोन-तीन जणांना पुरते. हॉस्टेलवाल्यांना हा हिशोब लागूच होत नाही. तुझी गाडी रात्रभर उभी, लेक्चरला तू चालत जाणार म्हणून दिवसभरही तिथेच उभी, म्हणजे एक गाडी एक जागा पूर्ण धरून बसते. तरी स्टिकर वाटताना हॉस्टेलवाल्यांनाही त्याच मापाने मोजलं तर जागा कमी पडणारच, तू कितीही लवकर आलास तरी. माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे आणि कॉलेजने ते सुधारायलाच हवं, हॉस्टेलसाठी जागा जितक्या तितकेच स्टिकर, एकही जास्त नको. उलट थोडे कमीच हवेत. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात डोनाल्ड शूप म्हणून प्राध्यापक होते, २०२५ मध्ये वारले, त्यांनी जवळपास सगळं आयुष्य पार्किंगच्या अभ्यासात घातलं. रस्त्याकडेच्या पार्किंगबद्दल त्यांचं सांगणं होतं की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे सातातली एक रिकामी, नाहीतर येणारा प्रत्येक जण नुसता गोल गोल फिरत राहतो, पेट्रोल जाळतो आणि दुसऱ्याचीही वाट अडवतो. तुझ्या चकरा म्हणजे तेच.

आता काय करायचं. तक्रारीचा अर्ज एकट्याने देऊ नकोस, मोजून दे. चार-पाच जण मिळून एका साध्या कामाच्या दिवशी, परीक्षा किंवा फेस्टचा दिवस नको, रात्री उशिरा एकदा आणि सकाळी अकराच्या सुमारास एकदा सगळं पार्किंग फिरा. आखलेल्या जागा किती, रिकाम्या किती, स्टिकर नसलेल्या गाड्या किती, एवढंच लिहून काढा. आणि अजून एक मोजा, जे कोणीच मोजत नाही, ते म्हणजे बेवारस गाड्या. कुठल्याही हॉस्टेलच्या मागच्या रांगेत बघ, दोन्ही टायर बसलेले, सीट फाटलेली, आरशाला कोळ्याची जाळी, स्टिकर कधीच संपलेला आणि मालक पासआउट होऊन केव्हाच नोकरीला लागलेला, अशा बाइका दिसतीलच. त्यांच्यावर नोटीस लावा, ठरावीक मुदत द्या आणि नियमाप्रमाणे हलवा असं लेखी मागा. यात एक वीटही न रचता जागा मोकळी होते. नवीन पार्किंग बांधा ही मागणी मात्र मी सगळ्यात शेवटी ठेवीन, कारण एका कारला आखलेली जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर असते, पण आत-बाहेर करायचा रस्ता धरला तर २५ ते ३० चौरस मीटर लागतात, तेवढ्यात हॉस्टेलची एक चांगली मोठी खोली होते, आणि खोल्यांची टंचाई पण तुम्हालाच आहे ना.

जॅमरचं म्हणशील तर दंडाविरुद्ध अर्ज करता येतो का ते नियमात बघ आणि त्या वेळी रांग भरलेली होती याचा वेळेसकट फोटो काढून ठेव. पण गेटच्या तोंडाशी, जिन्यासमोर किंवा फायर ब्रिगेडच्या वाटेवर लावलेली असेल तर भांडू नकोस, तिथे काहीही झालं तरी लावायची नाही.

प्रश्न : मी पीएचडी करते, लॅबमधून निघायला रात्रीचे अकरा-बारा होतात. हॉस्टेलजवळ जागा नसते म्हणून स्कूटर मागच्या गेटजवळच्या ग्राउंडवर लावावी लागते, तिथून पुढे अंधारात चालत यायचं. सिक्युरिटीवाले म्हणतात लवकर येत जा. आईला तर हे सांगितलेलंच नाही.

उत्तर : लवकर येत जा हे उत्तर कोणी देऊच नये, तुझं कामच रात्रीचं आहे. हा अर्ज पार्किंग कमिटीकडे नाही, सुरक्षेची तक्रार म्हणून दे, रेक्टर आणि गाइड दोघांनाही कॉपी पाठव, कारण पार्किंग म्हटलं की कागद ढिगाखाली जातो आणि सुरक्षा म्हटलं की कोणाला तरी सही करून उत्तर द्यावं लागतं. मागण्या दोनच ठेव. पहिली म्हणजे त्या वाटेवर दिवे, आणि कुठला दिवा बंद आहे ते खांबाच्या नंबरासकट लिही. दुसरी जास्त महत्त्वाची, स्टाफ पार्किंग संध्याकाळपासून सकाळपर्यंत हॉस्टेलच्या स्टिकरला खुलं करा. स्टाफ घरी जातो तेव्हाच तुम्ही परत येता, म्हणजे तुम्हाला हव्या त्याच वेळी बिल्डिंगच्या अगदी दारातल्या जागा रिकाम्या पडलेल्या असतात. बऱ्याच विद्यापीठांत संध्याकाळनंतर असे नियम शिथिल होतातच, नवीन काही मागत नाहीयेस. मात्र सकाळी ठरल्या वेळेला गाडी काढायची शिस्त सगळ्यांनी पाळायला हवी, दोघं-तिघं झोपून राहिले की पुढच्या महिन्यात ती सवलत बंद होते. आणि हो, आईला सांग.

प्रश्न : पहिल्या वर्षाच्या हॉस्टेलवाल्यांना गाडी आणायलाच बंदी आहे. सिनियर आणतात, आम्ही का नाही? हा अन्याय नाही का?

उत्तर : मला नाही वाटत. स्टॅनफर्डसारख्या जागेची चणचण कमी असलेल्या विद्यापीठातही पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅम्पसवर कार आणता येत नाही. पहिल्या वर्षी बहुतेक सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असतं, बाहेर इंटर्नशिप, फिल्डवर्क वगैरे नंतर सुरू होतं. पण बंदी घालणाऱ्याने बदल्यात काहीतरी द्यायला हवं, रात्री उशिरापर्यंत चालणारी बस, सायकलला छप्पर असलेला स्टँड, सुट्टी लागली की स्टेशनपर्यंत जायची सोय. ते मागा, त्यात मी तुमच्या बाजूने आहे. आणि ज्याला चालताना त्रास होतो किंवा सतत दवाखान्यात जावं लागतं त्याला पहिल्या दिवसापासून, वर्ष न बघता, दारातली जागा मिळाली पाहिजे, यावर चर्चासुद्धा नको.

प्रश्न : जागा जाईल या भीतीने मी कार हलवतच नाही. आता स्टार्ट होत नाहीये. काय करू?

उत्तर : जागा जाईल म्हणून गाडी जागेवरच मारून टाकणारे तुझ्यासारखे खूप आहेत. बॅटरी उतरली असणार. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, लॉक थोडा थोडा करंट खातच असतात. जंप स्टार्ट करून घे आणि मग अर्धा तास तरी नीट चालव, नुसती पाच मिनिटं जागेवर चालू ठेवून काही होत नाही, स्टार्ट करताना जेवढं गेलं तेवढंही परत भरत नाही. पुढे दर आठवड्याला एक फेरी मार, हवा चेक कर, कारण उभ्या गाडीच्या टायरमधलीही हवा हळूहळू कमी होते. मोठ्या सुट्टीत जाताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेव, हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लाव, आणि परत आल्यावर आधी बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघ. बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून थांबू नकोस, त्या धुरात वास-रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो जिवावर बेततो. इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनीही विचारलंय, त्यांनी सुट्टीत बॅटरी पूर्ण संपवून ठेवू नये, निम्म्याच्या आसपास ठेवावी, आणि खोलीच्या खिडकीतून एक्स्टेंशन सोडून चार्जिंग बिलकुल करू नये, वायर तापून आग लागते. चार्जिंग पॉइंट हवा असेल तर वर सांगितलेल्या अर्जातच तोही टाका, किती जणांकडे इलेक्ट्रिक आहे तो आकडा सोबत जोडून.