गजबजलेल्या भागात वन बीएचके भाड्याने घेतोय. रस्त्याकडचा बाल्कनीवाला फ्लॅट घ्यावा की त्याच भाड्यात मागच्या बाजूचा?

मागचा. पण दोन्ही फ्लॅट तुम्ही रविवारी दुपारी बघितले असतील, तर अजून काहीच बघितलेलं नाही.

मी हेच केलं होतं. भरपूर उजेड, नुकताच दिलेला रंग, स्टेशन चालत सहा मिनिटांवर. तिथल्या तिथे टोकन देऊन मोकळा झालो. सोमवारी पहाटे कळलं की बेडरूमच्या बरोबर खाली सिग्नल आहे. लाल दिवा लागला की बस घुरघुरत उभी, हिरवा झाला की सगळे एकदम सुटणार, आणि कोणीतरी अर्धा सेकंद उशीर केला की मागून हॉर्न. एकसारखा वाहणारा रस्ता कान हळूहळू विसरतो, पण थांबून सुटणारा विसरत नाही. घरमालक म्हणाले, "होते सवय." वर्षभर राहिलो, नाही झाली.

म्हणून एक फेरी कामाच्या दिवशी सकाळी आणि एक रात्री दहानंतर मारा. बेडरूममध्ये उभं राहून खिडकी उघडी ठेवून आणि मग बंद करून मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवर आवाज मोजा. आकडा तंतोतंत नसतो, पण आपल्याला हवाय तो फरक. साधारण 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. बंद केल्यावरही फारसा फरक पडत नसेल, तर काचेपेक्षा फटींवर संशय घ्या. स्लायडिंग खिडकीच्या रुळात बोटभर जागा असली की काच कितीही जाड असो, आवाज तिथून आत येतो. रबर पट्टी लावून थोडं भागतं. जाड पडदे लावा असं सगळे सांगतात. त्याने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बस जिथल्या तिथेच राहते. इंजिनाचा खालच्या पट्टीतला आवाज तर चांगल्या खिडकीतूनही येतो. आणि कायम बंद ठेवायची असेल तर ती खिडकी नाहीच, भिंत आहे. उन्हाळ्यात काय कराल तेही आताच ठरवा.

वरचा मजला घेतला की सुटलो, असंही नाही. रस्ता म्हणजे आवाजाची लांबलचक रेघ. मोकळ्या जागेत तिच्यापासूनचं अंतर दुप्पट झालं तरी जेमतेम 3 डेसिबल उतरतात. इमारत मध्ये आली की मात्र मोठा फरक पडतो, म्हणून मागचा फ्लॅट.

वन बीएचकेत हे जास्त बोचतं, कारण झोपायची खोली एकच. दोन बेडरूम असत्या तर दुसरीत गादी टाकली असती. मी शेवटी हॉलमध्ये झोपायला लागलो आणि बेडरूममध्ये कपडे वाळत घालायला!

बाकीचं थोडक्यात. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर बघा. ताजा रंग दिसला की कोपरे, छत आणि कपाटाच्या मागची भिंत हाताने चाचपा. ओल लपवायला रंगासारखं दुसरं काही नाही. करारात लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती, नोटीस किती, डिपॉझिटमधून नेमकं काय कापणार, हे तोंडी नको, लेखी घ्या. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, तेही. चावी हातात आली की सामान आणायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि मीटरचं रीडिंग घरमालकाला पाठवून ठेवा.

बाल्कनीचा मोह मला कळतो. पण माझ्या बाल्कनीत वर्षभरात मी चार वेळा बसलो असेन. धूळ मात्र रोज पुसली.

मागच्या फ्लॅटचीही परीक्षा घ्या. भर दुपारी सगळे दिवे बंद करून पुस्तक वाचता येतं का ते बघा. तळमजल्यावर हॉटेल असेल, तर रात्री नऊच्या सुमाराला बेडरूमची खिडकी उघडून दहा मिनिटं उभे राहा. त्यांचा एक्झॉस्ट बहुतेक वेळा मागेच सोडलेला असतो.