सिमांडे बँड का थांबला?

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर हिप-हॉप ऐकतो. फ्यूजीज या हिप-हॉप गटाच्या 'द स्कोर' या गाण्याखाली जे संगीत वाजतं ते मुळात 'सिमांडे' नावाच्या जुन्या फंक बँडचं आहे, असं तो म्हणाला. मी ऐकलं आणि थक्क झालो. इतका चांगला बँड बंद का पडला? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलाचं बरोबर आहे. ते संगीत सिमांडेच्या 'डव्ह' या गाण्याचं, १९७२च्या पहिल्या अल्बममधलं. गिटारवर पॅट्रिक पॅटरसन, बास गिटारवर स्टीव्ह स्किपिओ. दोघेही मूळचे गयानाचे, वाढले लंडनमध्ये. १९७१ साली त्यांनी कॅरिबियन बेटांवरून आलेल्या इतर पोरांना घेऊन बँड उभा केला. फंक, कॅलिप्सो, जॅझ, जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे ढोल असं सगळं त्यात होतं. त्याला ते 'न्याह-रॉक' म्हणायचे.

बंद का पडला? वाजवण्यात कमी होते म्हणून नव्हे, हे ठामपणे सांगतो. त्यांचं 'द मेसेज' हे गाणं अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४८व्या क्रमांकापर्यंत गेलं. सोल गायक अल ग्रीनबरोबर त्यांनी दौरा केला, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये वाजवलं. आणि घरी, ब्रिटनमध्ये, कुणी विचारेना. काळ्या पोरांनी स्वतःची गाणी लिहावी, स्वतःचा बँड चालवावा, याला तिथल्या संगीतधंद्यात तेव्हा जागाच नव्हती. याची मला आजही चीड येते. तीन अल्बम काढून १९७४च्या सुमारास ते थांबले. पॅटरसन आणि स्किपिओ पुढे वकील झाले.

इकडे न्यूयॉर्कच्या डीजेंच्या हाती सिमांडेचं 'ब्रा' हे गाणं लागलं होतं. मी स्वतः बास वाजवतो, म्हणून या गाण्यावर जरा रेंगाळतो. मध्यावर गायक थांबतो, फुंकवाद्यं थांबतात, उरतात बास आणि तालवाद्यं. स्किपिओ तिथे काहीही करामत करत नाही. तीच ओळ, तेच वजन, सुरांमध्ये भरपूर मोकळी जागा. सॅम केलीचे ड्रम्स त्या जागेत बसतात. डीजे दोन तबकड्या लावून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचे आणि लोक नाचत राहायचे. १९८९मध्ये डी ला सोल या हिप-हॉप गटाने तो वापरला, १९९४च्या 'क्रुकलिन' चित्रपटात दिग्दर्शक स्पाइक लीने गाणंच घेतलं. बँड नसताना बँडचे चाहते वाढत गेले, ते असे.

सुरुवात पहिल्याच अल्बमपासून करा. फोनच्या स्पीकरवर मात्र नको, बास पार गायब होतो, हेडफोन लावा. 'डव्ह' जवळजवळ अकरा मिनिटांचं आहे, पुढे ढकलू नका. मग १९७४चा 'प्रॉमिस्ड हाइट्स' ऐका. आणि मुलाला २०२५चा 'रेनासन्स' ऐकवा : पॅटरसन आणि स्किपिओ पुन्हा एकत्र आले आहेत, आणि बास अजून तशीच जागा सोडून वाजतो.